चौथा ठिपका

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनवर एक व्हॉइस मेसेज आला. आवाज पुरुषाचा. वय साठच्या पुढे. स्वर शांत. शब्द असे होते: "कामनच्या वळनावर खून केलीय. ताजी हाय. ती बघा आनि डावीकडं आत या. चहा सांगून ठेवतो."

मी वीस वर्षं वर्तमानपत्रात काढली आहेत, त्यातली नऊ गुन्ह्यांच्या बातम्यांवर. खून करून स्वतःच कळवणारे लोक मला माहीत होते. चहा सांगून ठेवणारा हा पहिला. ‘खून’ पुल्लिंगी आणि ‘केलीय’ स्त्रीलिंगी, हे कानाला खटकलं. पण अशा प्रसंगी माणसाचं व्याकरण डळमळत असेल, असं मी धरून चाललो. पोलीस ठाण्याचा नंबर शोधून ठेवला आणि मोटारसायकल बाहेर काढली.

कामणच्या वळणावर मृतदेह नव्हता. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रांगोळीने काढलेला एक बाण होता, हातभर लांब, रेषा दोरी लावून मारल्यासारखी. बाणाखाली चार ठिपके होते. खाडीकाठच्या, मिठागरांच्या गावांत ‘ण’चा ‘न’ होतो, हे मला तिथे, इंजिन बंद करून उभं असताना कळलं. पाणी ते पानी. खूण ती खून.

त्याआधी तीन आठवडे आम्ही सोलापूरहून विरार पूर्वेला, चंदनसारला राहायला आलो होतो. माझ्या बायकोची, वृषालीची, बँकेतली बदली. माझं संपादनाचं काम घरून चालतं, त्यामुळे मला हरकत घ्यायला जागा नव्हती. सोलापुरात रविवारी माझ्यासोबत सहा मोटारसायकली निघायच्या. इथे सोसायटीच्या आवारात माझी सोडून एकोणचाळीस उभ्या असतात. त्यातल्या अडतीस स्टेशनपर्यंत जातात आणि परत येतात. सोबत शोधण्याचे माझे प्रयत्न पुढीलप्रमाणे होते. हायवेच्या सिग्नलला पाठीवर मोठी बॅग बांधलेल्या एकाला "कुठे निघालात?" असं विचारलं; तो पार्सल द्यायला निघाला होता. फोनवरच्या एका रायडर मंडळात शिरलो. तिथे लोक एकमेकांना रोज शुभ सकाळ म्हणत आणि कुठेही जात नसत. शेवटी माणिकपूरला टायर बदलताना मी हे गाऱ्हाणं टायरवाल्याला सांगितलं. त्याने मला न विचारता माझा नंबर हरेश्वर नानांना दिला.

नाना जूचंद्रचे. घरचे पूर्वी मिठागरात. नाना स्वतः टेलिफोनच्या खांबांवर चढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. सडपातळ, काळेसावळे. हेल्मेटच्या आत कानटोपी, बाराही महिने. जूचंद्रला घरोघर रांगोळी काढणारे आहेत, पुरुषसुद्धा. नानांचे धाकटे भाऊ माणसांचे हुबेहूब चेहरे काढतात. नाना फक्त बाण काढतात. "चेहरा बघून कोन कुठं पोचलाय?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांची पद्धत अशी. टाकीवरच्या पिशवीत पावडरचा रिकामा डबा, झाकणाला भोकं, आत रांगोळी. रविवारी ते सगळ्यांच्या अर्धा-पाऊण तास आधी एकटे निघतात. प्रत्येक वळणावर बाण काढतात. पहिल्या, म्हणजे कामणच्या वळणावर बाणाखाली ठिपकेही काढतात, येणाऱ्या प्रत्येकासाठी एक. आपण तिथे पोहोचलो की आपला ठिपका बुटाच्या चवड्याने पुसायचा आणि पुढे जायचं. चवड्यानेच. टाच चालत नाही. "टाचेनं इचू मारतात," नाना म्हणतात. डोंगराच्या पायथ्याला चहाची टपरी आहे, तिथे सगळे भेटतात. परतताना नाना कामणच्या वळणावर उतरून खूण बघतात. आलेल्यांचे ठिपके पुसलेले असले की बाण पुसतात आणि राइड संपते.

फोन आहे, फोनमध्ये नकाशा आहे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

"फोन सांगतो रस्ता कुठं हाय," नाना म्हणाले. "तुमी आलाव का, ते कोन सांगनार?"

माझ्याशिवाय आणखी दोघं येत. सायली माणिकपूरच्या एका शाळेत गणित शिकवते. ती नानांकडे सगळ्यांत जुनी, सहा वर्षं. तिवारी कामणच्या गोदामात सुपरवायझर. नाना सायलीला ‘बाय’ म्हणतात, तिवारीला ‘तिवारीशेठ’ आणि मला ‘पत्रकार’. माझं नाव त्यांना ठाऊक असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही.

आता नानांचा मत्सर. शब्द मी तपासून वापरतो आहे. टपरीवर पोहोचलेल्या प्रत्येक गाडीचं मागचं मडगार्ड नाना वाकून बघतात, त्यावरून बोट फिरवतात आणि बोट उजेडात धरतात. माती त्यांना वाचता येते.

"लाल. शनवारी वाडा तालुक्यात गेलतास, तिवारीशेठ."

"कंपनी का काम था, नाना."

"कामाला मानूस हेल्मेटवर कॅमेरा लावून जात नाय."

एकदा सायली गाडी धुऊन आली. नाना त्या स्वच्छ मडगार्डकडे बराच वेळ बघत राहिले. "धुतलीस, बाय," ते म्हणाले. "म्हंजे लपवन्यासारखं होतं."

"नाना, माझ्या नवऱ्यानेसुद्धा असं कधी विचारलं नाही."

"त्याला मातीतलं कळत नाय."

दुसऱ्या कोणाबरोबर गेल्याचं सिद्ध झालं की शिक्षा ठरलेली असे. परतीला सगळे रांगेने निघतात, नाना पुढे. त्यांच्या मागची जागा मानाची. तिथे असलात की ते वळणाआधी डावा हात खाली सोडून जो खड्डा दाखवतात, तो तुमच्यासाठी असतो. मागच्यांना तो तुमच्यामार्फत मिळतो. आरोपीला शेवटी टाकत. तिसऱ्या महिन्यात ती दुसरी जागा माझ्याकडे आली. मी वृषालीला तसं सांगितलं. तिने विचारलं, "बढती आहे का?" मी हो म्हणालो.

ठिपके मी चौथ्या महिन्यात मोजले.

येणारे तीन होते: सायली, तिवारी, मी. ठिपके चार होते. पहिल्या दिवशीही चारच होते, पण तेव्हा मंडळी किती ते मला माहीत नव्हतं. पुढचे दोन रविवार मी पुन्हा मोजले. चार. शिवाय चौथा ठिपका वेगळा होता. आमचे ठिपके म्हणजे डबा एकदा आपटल्याचे डाग. चौथा चिमटीने सोडलेला, गोल, भरीव, आणि त्याच्याभोवती बारीक कडं. एखाद्या नावाभोवती काढावं तसं.

मी टपरीवर नानांना विचारलं, "चौथा कोण?"

"कुठला चवथा?"

"ठिपका. कड्याचा."

"मोजायचा धंदा सोडा, पत्रकार. चहा निवतोय."

तिवारीला विचारलं. "क्या पता साहब, डिझाइन असेल." सायलीला विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाना सांगतील तेव्हा सांगतील." म्हणजे तिला माहीत होतं. म्हणजे मलाच माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मी पावणेसातलाच कामणला पोहोचलो, वळणासमोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो आणि नोंद ठेवली. ६.५२, तिवारी, एक ठिपका. ७.०५, सायली, एक ठिपका. त्यानंतर गोदामांचे ट्रक, एक बैल, दोन सायकली. साडेसातपर्यंत कड्याच्या ठिपक्यासाठी कोणी आलं नाही. टपरीवर मी उशिरा पोहोचलो. नानांनी माझ्या मडगार्डऐवजी पँटच्या बुडाला लागलेली धूळ बघितली. "ओट्यावर बसलेलाव," ते म्हणाले. परतताना ते उतरले, तो एक उरलेला ठिपका बघितला, बाण पुसला आणि ठिपका तसाच ठेवला. हे ते दर वेळी करत असणार. मी आतापर्यंत बघितलं नव्हतं.

घरी मी हे सगळं वृषालीला क्रमाने सांगितलं. "लग्नाला एकोणीस वर्षं झाली," ती म्हणाली, "माझ्यामागे कधी ओट्यावर बसला नाहीत."

माझं अनुमान असं होतं. कोणी एक रायडर आहे. तो आमच्यापेक्षा चांगला चालवतो. नाना त्याला बोलावतात, तो येत नाही, आणि तरी त्याला कडं आहे. मी प्रत्येक रविवारी, वेळेवर, चवड्याने पुसत येतो, आणि मला डाग आहे. मला तो माणूस दिसू लागला. उंच होता. त्याची गाडी माझ्यापेक्षा नवी होती.

पुढच्या शनिवारी सोसायटीतला एकोणचाळिसावा मोटारसायकलवाला, ज्याची गाडी स्टेशनला जात नाही, मला अर्नाळ्याला घेऊन गेला. मी गेलो, कारण मला आता नानांना दाखवायचं होतं. गाडी धुतली नाही. रविवारी नानांनी बोट फिरवलं.

"वाळू."

"हो."

"अर्नाळा. कोनासंगं?"

"तुम्ही सांगा चौथा कोण, मी सांगतो कोणासोबत."

तिवारी हसला. नाना हसले नाहीत. परतीला मी शेवटी होतो. तिवारीच्या गाडीचा धूर कामणपर्यंत माझ्या तोंडावर होता.

त्याच्या पुढच्या रविवारी मी मुद्दाम उशिरा निघालो. कामणच्या वळणावर सात वाजून चाळीस मिनिटांनी पोहोचलो. दव पडलेलं होतं. दोन ठिपके पुसलेले, दोन शिल्लक. मी माझा ठिपका चवड्याने पुसला. मग आजूबाजूला बघितलं आणि कड्याचा ठिपका टाचेने पुसला. कडंही पुसलं. रांगोळी ओली होती, दोन वेळा टाच फिरवावी लागली.

टपरीवर चहा झाला. परतताना नाना वळणावर थांबले, उतरले आणि उभे राहिले. आम्ही मागे थांबलो. नेहमी या कामाला त्यांना अर्धं मिनिट लागतं. या वेळी ते खाली बसले. त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला.

"कोनी पुसला?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"मी माझाच," सायली म्हणाली.

"मैंने भी अपना ही, नाना."

"मी माझा पुसला," मी म्हणालो. हे वाक्य खरं होतं. अपुरं होतं.

नाना उठले. हायवेकडे जाणाऱ्या रस्त्याकडे त्यांनी बघितलं, मग गावाकडे, मग परत हायवेकडे. "आलेला," ते म्हणाले. आमच्यापैकी कोणालाही उद्देशून नाही. हेल्मेट घातलं, कानटोपी हातातच राहिली, ती खिशात कोंबली. बाण पुसला नाही. गाडीला किक मारली आणि आम्हाला तिथेच सोडून निघाले. नाना साठच्या वर वेग नेत नाहीत. त्या दिवशी ट्रकच्या पुढे गेले.

"बाण राहिला," तिवारी म्हणाला. "पहिल्यांदा राहिला." त्याने तो पुसावा की नाही याचा विचार केला, पुसला नाही, आणि गोदामाकडे निघून गेला.

सायलीने हेल्मेट काढलं. "आता विचारा," ती म्हणाली.

मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

"इनास अंकल. गिरीजचे, केळीची वाडी आहे त्यांची. नाना आणि ते तीस वर्षं बरोबर फिरलेत. अंकल रविवारची पहिली मिस्सा चुकवत नाहीत. त्यामुळे त्यांना निघायला उशीर व्हायचा, आणि नानांना थांबवत नसे. म्हणून नाना पुढे जाऊन खूण ठेवायचे. एक बाण, एक ठिपका. अंकल चर्चमधून निघून मागून यायचे आणि ठिपका पुसायचे. हे सगळं त्यांच्यासाठी सुरू झालंय. आपण नंतरचे."

"मग येत का नाहीत?"

"चार वर्षांपूर्वी अंकल एकदा दुसऱ्या ग्रुपबरोबर गेले. एकदाच. मडगार्डला लाल माती होती. नाना टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मंग तुझा ठिपका त्यांनाच काढाया सांग.’ अंकलनी चहा अर्धा ठेवला आणि गेले. मी तिथेच होते. नाना माफी मागत नाहीत, अंकल येत नाहीत. नाना ठिपका काढतात. आज तो पुसलेला होता. म्हणजे अंकल आले होते, नानांना दिसायचं नव्हतं म्हणून पुसून गेले. नाना आता गिरीजला पोहोचतील. चार वर्षांनी." ती हसत होती.

मी तिला टाचेचं सांगितलं.

तिचं हसू गेलं. एक ट्रक गेला, मग दुसरा. "तुम्हाला त्या ठिपक्याचा राग होता?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "मग गिरीजला जा. नाना त्या माणसासमोर खोटे पडायच्या आत जाऊन सांगा."

"काय सांगू?"

"झालं ते. तुमचं कामच ते ना, सर?"

मी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी गिरीजला पोहोचलो. वाडी विचारावी लागली नाही; नानांची काळी मोटारसायकल फाटकाबाहेर होती, स्टँडवर नीट न लावलेली, कुंपणाला टेकवलेली. अंगणात क्रूस, त्याच्यामागे घर, घराच्या बाजूने केळी. केळीच्या अलीकडे पत्र्याची शेड. शेडमध्ये दोन माणसं होती. मी फाटकापाशी थांबलो. तिथून ऐकू येत होतं.

इनास माझ्या अंदाजाइतके उंच नव्हते. बुटके, पोट सुटलेले, रविवारच्या पांढऱ्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग, हातात कोयता.

"पुसलास," नाना म्हणत होते, "पन मंग चहाला का नाय आलास? टपरी कुठं पळून गेलती?"

इनासनी कोयता दुसऱ्या हातात घेतला. 

"मी म्हंतो, आलास ते आलास. वर यायचं. मी काय खातो तुला?"

इनासच्या मागे एक मोटारसायकल होती. तिच्यावर निळी ताडपत्री टाकलेली, अर्धी घसरलेली. सीटवर एक कोंबडी बसली होती. दोन्ही टायर हवा जाऊन चपटे झालेले होते. हे मला फाटकातून दिसत होतं. नाना तिच्यापासून दोन हातांवर उभे होते.

"आलतो," इनास म्हणाले. "थांबायला झालं नाही. पाहुणे येणार होते घरी."

नाना वाकले. सवयीने वाकले असावेत. त्यांनी ताडपत्री बाजूला केली, मागच्या मडगार्डवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. बोटावर राखाडी धूळ होती आणि कोळ्याच्या जाळ्याचा एक तुकडा. तो वाऱ्याने हलत होता. इनास त्या बोटाकडे बघत होते. कोंबडी उतरली.

मी फाटकाला हात लावला. मला बोलायचं होतं.

"कामनची माती हाय," नाना म्हणाले आणि बोट पँटला पुसलं.

इनासनी कोयता भिंतीला टेकवून ठेवला. "बस," ते म्हणाले. "चहा ठेवायला सांगतो."

"अर्धा नाय पिनार."

"पूर्ण पी."

इनास घरात गेले. नाना शेडमध्ये थांबले. त्यांनी खाली बसून आधी पुढचा टायर दाबून बघितला, मग मागचा. मग पंप घ्यायला ते स्वतःच्या गाडीकडे, म्हणजे फाटकाकडे आले. मला बघून थबकले नाहीत. मी म्हणालो, "नाना, तो ठिपका—"

ते पुन्हा वाकले. मला वाटलं, मडगार्ड बघतील. त्यांनी माझा उजवा बूट बघितला. दवामुळे रांगोळी टाचेच्या खाचांत चिकटून वाळली होती.

"टाच पुसून घ्या, पत्रकार," नाना म्हणाले. पिशवीतून पंप काढला आणि आत गेले.

पुढच्या रविवारी सहा वाजून बारा मिनिटांनी व्हॉइस मेसेज आला. खून केलीय, ताजी हाय. कामणच्या वळणावर चार ठिपके होते. चारही सारखे, डबा आपटून काढलेले. कोणालाच कडं नव्हतं. मी सात वाजून पाच मिनिटांनी माझा पुसला, चवड्याने.

इनास आठ वाजून वीस मिनिटांनी टपरीवर पोहोचले. त्यांच्या गाडीचे दोन्ही टायर नवे होते. नानांनी आमची तिन्ही मडगार्डं तपासली. चौथ्याकडे वाकले नाहीत.

परतताना कामणच्या वळणावर एकही ठिपका शिल्लक नव्हता. नानांनी बाण पुसला. रांग अशी होती: नाना, इनास, सायली, तिवारी, मी.